जमिनीला नेमकं काय घालायचं? जिप्सम, गंधक, चुना, गाळ, कोळसा आणि पाला

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. रानं नांगरून तापत पडली आहेत, पेरणीला अवकाश आहे, आणि कृषी सेवा केंद्रांच्या दारात भूसुधारकांच्या पिशव्यांच्या थप्प्या लागल्या आहेत. आमच्या वाळवा-शिरोळ पट्ट्यात दर उन्हाळ्याला हाच प्रश्न येतो: "रान चोपण झालंय, काय टाकू?" उत्तरही ठरलेलं, "टाक एकरी दोन-चार पोती जिप्सम." या उत्तरापायी लोकांचा पैसा मातीत जातो आणि रान सुधारत नाही. म्हणून हा धागा काढतोय. शेतीबरोबर झाडं लावणाऱ्यांनीही लिहावं, कारण पडीक चोपण रानात झाडं लावायची चर्चा आता गावोगाव आहे.

आधी मूळ गोष्ट. उसाला वर्षानुवर्षं पाटपाणी देऊन आमच्याकडची भूजल पातळी वर आली. पाणी वर आलं की त्यातले क्षार वर येतात, पाणी उडून जातं, क्षार राहतात. रानावर पांढरी पापडी दिसते ती ही. या टप्प्यावर जमीन क्षारयुक्त असते: विद्युत वाहकता मीटरला ४ डेसीसायमनच्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या आत. ती धुतली तर सुधारते, जिप्समची गरजच नसते. पुढे सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसला की रान चोपण होतं: सामू ८.५ च्या वर, विनिमयक्षम, म्हणजे कणांना चिकटलेला, सोडियम शेकडा १५ च्या वर. ओलं असताना पाय घसरतो, वाळलं की दगड. पाणी वर तुंबून राहतं आणि खाली वीतभर माती कोरडी असते.

जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, काम करतं ते या दुसऱ्या प्रकारात. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणावरचा सोडियम हुसकावतो आणि त्याची जागा घेतो. कण पुन्हा गोळा होतात, रवाळ होतात, पाणी मुरायला लागतं. पण हुसकावलेला सोडियम जाणार कुठे? तो सोडियम सल्फेट होऊन पाण्यात विरघळलेला असतो. ते पाणी रानाबाहेर गेलं नाही तर उन्हाळ्यात तोच सोडियम परत वर येतो. म्हणून आधी चर, मग जिप्सम. चर म्हणजे शेताच्या कडेचा उघडा चर असेल, जमिनीखाली टाकलेले सच्छिद्र पाईप असतील, नाहीतर भारी काळ्या रानात मोल नांगराने ओढलेले बोगदे. शिरोळ तालुक्यात कारखान्याच्या पुढाकाराने शेजारी-शेजारी मिळून भूमिगत निचरा केलेली रानं आहेत. जिथं काही उगवत नव्हतं तिथं पुन्हा ऊस उभा राहिलाय. एकट्याने चर काढून भागत नाही, कारण पाणी शेवटी कुणाच्या तरी बांधातूनच ओढ्याला जायचं असतं. अडचण मातीपेक्षा बांधाची जास्त आहे, हे मी ठामपणे म्हणेन.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे ते लिहा.

वऱ्हाडी_पऱ्हाटी

दादा, चांगला धागा. मी खारपाणपट्ट्यातला, दर्यापूरकडचा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याचा जो पट्टा येतो तो. आमच्याकडं उसाचा संबंधच नाही, कालव्याचं पाणीही नाही, तरी जमीन चोपण. विहिरीचं पाणी खारं, तोंडात घेववत नाही.

मी लागोपाठ दोन वर्षं जिप्सम टाकलं, मातीत मिसळलं, नियमाप्रमाणं सगळं केलं. हरभऱ्याला फरक पडला नाही. दुकानदार म्हणे अजून टाका. काय चुकत असावं?

मातीपरीक्षा

मी माती-पाणी तपासणीच्या कामात आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

वऱ्हाडीभाऊ, हरभऱ्याला पाणी कुठलं देता? त्या खाऱ्या विहिरीचं असेल तर एका हाताने सोडियम काढायचा आणि दुसऱ्या हाताने घालायचा असं चाललंय. मातीआधी पाणी तपासून घ्या. त्यात "रेसिड्युअल सोडियम कार्बोनेट", म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेलं कार्बोनेट, हा आकडा बघा. लिटरला १.२५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असेल तर पाणी चालतं, २.५ च्या वर असेल तर ते ओलिताला नकोच. पूर्णा खोऱ्यात शेततळ्याला इतकं महत्त्व आहे ते यामुळेच. पावसाचं साठवलेलं पाणी हीच तिथली पहिली भूसुधारणा.

दुसरं, कृष्णाकाठ यांनी दिलेला १५ चा आकडा पुस्तकातला आहे आणि बरोबर आहे, पण तो सगळ्या मातींना सारखा लावू नये. आपल्या भारी काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती इतकी असते की सोडियम १५ च्या बराच खाली असतानाही निचरा मंदावतो. अहवालात "१० आहे, चोपण नाही" असं वाचून निर्धास्त राहू नका.

तिसरं, चुनखडी. मातीत मुक्त चुना भरपूर असेल तर गंधकाचा विचार करता येतो. मातीतले जिवाणू गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल करतात, ते आम्ल चुनखडी विरघळवतं आणि जिप्सम जागेवरच तयार होतं. १०० किलो शुद्ध जिप्समचं काम साधारण १९ किलो गंधक करतो, त्यामुळे वाहतूक वाचते. मात्र या जिवाणूंना हवा, ओल आणि ऊब लागते. पाणी साचलेल्या रानात गंधक नुसता पडून राहतो. आणि चुनखडी नसेल तर गंधक टाकून फक्त आम्लता वाढेल, कॅल्शियम येणार कुठून? ढेकळावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे.

ऊसकरी

आमच्या इथं सांगतात की चुनखडीच्या रानात जिप्सम चालतच नाही, फक्त गंधक. खरं का?

मातीपरीक्षा

नाही. जिप्सम दोन्हीकडे चालतं, आणि गंधकापेक्षा लवकर लागू पडतं, कारण जिवाणूंची वाट बघावी लागत नाही. गंधक कुठे चालतो याला अट आहे, जिप्समला तशी अट नाही. लोक दोन वाक्यांची सरमिसळ करतात.

आणखी एक घरगुती चाचणी. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा शुद्ध पाणी घ्या, त्यात वाळलेल्या मातीचा बोराएवढा खडा अलगद सोडा आणि हलवू नका. खडा विरघळून आजूबाजूला दुधासारखं गढूळ वलय पसरलं तर सोडियमचा त्रास आहे. खडा नुसता ढासळला आणि पाणी स्वच्छ राहिलं तर माती बरी आहे. विहिरीचं पाणी घेऊ नका, त्यातल्या क्षारांमुळे निकाल फसवा येतो. याने प्रयोगशाळेची गरज संपत नाही, पण कुठल्या रानाचा नमुना आधी न्यायचा ते कळतं.

कातळसडा

तुमचं सगळं वाचून वाटलं की आपण एकाच राज्यात राहतो की नाही! आमचं सिंधुदुर्ग, जांभी माती, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. तुमच्याकडे क्षार साठतात, आमच्याकडे चांगलं तेही धुऊन जातं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश सगळं वाहून जातं आणि मागे लोह व ॲल्युमिनियम उरतं. स्फुरद टाकला की हे दोघे त्याला धरून बसतात. सामू पाच ते साडेसहाच्या आसपास. आमच्याकडे लागतो तो चुना. पूर्वी खाडीतल्या शिंपल्या भाजून चुना करत. तुमच्या चोपण रानात तो टाकला तर काय होईल ते सांगायला नको.

पण इथेही "कोकणात चुना टाका" असा सरसकट सल्ला मी देणार नाही. भाताच्या खाचरात पाणी उभं राहिलं की आम्ल मातीचा सामू आपोआप वर सरकतो, साडेसहाच्या पुढेही जातो. भाताला चुन्याची निकड तेवढी नसते. खाचर सुकलं की सामू परत खाली येतो, आणि मग त्याच ओलीवर घेतलेल्या वाल, कुळीथ, भुईमुगाला त्रास होतो. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींना आम्लता मानवत नाही. त्यामुळे चुना त्या पिकांच्या हिशोबाने द्यावा. काजूला मात्र ही माती चालते, कातळ फोडून लावलेले काजू बघा. चुना आणि युरिया एकत्र टाकू नये, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. मध्ये दोन-तीन आठवडे तरी जाऊ द्यावेत.

आणि भुईमुगाचं निघालंच आहे तर, आऱ्या (शेंग धरणारे, जमिनीत शिरणारे देठ) सुटताना जिप्सम द्या, मग माती चोपण असो वा नसो. शेंगेला कॅल्शियम मुळातून फारसा मिळत नाही, ती तो थेट भोवतालच्या मातीतून घेते. पोचट शेंगा कमी होतात.

ऐनाची_सावली

वनविभागात रोपवाटिका आणि लागवडीच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. धाग्याच्या शीर्षकात पाला शब्द दिसला म्हणून लिहायला बसलो.

कोकणात आणि मावळात राब भाजतात, ही आपल्याकडची सगळ्यात जुनी भूसुधारणा. तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं वाढवायच्या, जागेवर शेण, त्यावर ऐन-किंजळाच्या फांद्यांचं कवळ, त्यावर पाला-गवत, वर मातीचा थर, आणि वाऱ्याच्या उलट दिशेने विस्तव. तणाचं बी मरतं, राखेतून पालाश आणि थोडा स्फुरद मिळतो, आम्ल माती तेवढ्यापुरती सौम्य होते, रोपं जोमदार येतात. शेतकरी हे उगीच करत नव्हता. पण भात ज्या जंगलावर पोसलं त्याचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दरवर्षी फांद्या खांडून ऐनाचे नुसते खुंट उभे राहतात, त्यांना बी धरत नाही, खाली पालापाचोळा पडत नाही, पावसात उघडी माती वाहून जाते. शेत सुधारायला जंगलाची सुपीकता उचलून आणणं फार काळ परवडत नाही.

याला चांगला पर्याय डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीने दिला, आणि त्याची आठवण नव्या पिढीला करून द्यावीशी वाटते. तरव्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. तिच्यातल्या सिलिकाने रोप ताठ होतं, करपा आणि खोडकिडा कमी लागतो. खाचरात गिरिपुष्पाचा, म्हणजे उंदीरमारीचा, पाला गुंठ्याला ३० किलो. मग ठरावीक अंतरावर लावणी आणि चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये युरिया-डीएपीची गोळी खोचायची. पाला बांधावरून येतो, जंगलातून आणावा लागत नाही. लावणीआधी आठवडाभर फांद्या खाचरात पसरून ठेवायच्या, पानं गळाली की काड्या उचलून जळणाला न्यायच्या आणि चिखलणी करायची.

खाजनकार

गोव्यातून. आमच्या खाजन शेतीतली, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीतली, जमीन खारी आहे, पण तिथे काहीच घालत नाहीत. बांध आणि मानस, म्हणजे झडपेचं दार, हीच व्यवस्था. भरतीला झडप बंद, ओहोटीला उघडी, आणि पहिला पाऊस क्षार धुऊन नेतो. मग कोरगूट भात पेरायचं, ते खारेपणा सोसतं. कृष्णाकाठ यांनी लिहिलंय ना की नुसतं क्षारयुक्त रान धुतलं की सुधारतं, त्याचं हे शेकडो वर्षांचं उदाहरण. मात्र बांध फुटला आणि दुरुस्त झाला नाही की कुठलीही पिशवी कामाला येत नाही. खाजनं सध्या त्यामुळेच ओस पडत आहेत.

वऱ्हाडी_पऱ्हाटी

ताई, तुमचं बरोबर निघालं. पाणी त्या विहिरीचंच देतो. तपासायला पाठवतो.

अजून एक विचारतो. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) जाळायची नाही, तिचा बायोचार, म्हणजे मातीत घालायचा कोळसा, करा असं सध्या मोबाईलवर फार येतं. शेतात ढिगानं पऱ्हाटी आहे. करू का?

हिरवी_वाट

नक्की करा! बायोचार कुठल्याही मातीला चालतो. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी कोळसा, राख, हाडं घालून काळी सुपीक माती बनवली, ती अजून तशीच आहे. पाणी धरतो, अन्नद्रव्यं धरतो, कार्बन जमिनीत राहतो. आणखी काय हवं?

मातीपरीक्षा

अ‍ॅमेझॉनचं उदाहरण खरं आहे, पण ती माती मूळची आम्लधर्मी, अतिपावसाने निःसत्त्व झालेली. म्हणजे कातळसडा यांच्या जांभ्याची दूरची बहीण. तिथे कोळशाचा अल्कधर्मी गुण उपयोगी पडला. बायोचारचा सामू बहुधा आठ ते दहाच्या दरम्यान असतो. वऱ्हाडीभाऊंच्या रानाचा सामू आधीच साडेआठच्या वर, त्यात चुनखडी. तिथे तो पहिल्या पसंतीचा नाही. राखेचंही तेच. कोकणात राख सोनं आहे, चोपण रानात नको.

बायोचार शोभतो तो हलक्या, मुरमाड, पाणी न धरणाऱ्या रानात आणि जांभ्या मातीत. ताजा कोळसा तसाच टाकला तर सुरुवातीला तो नत्र स्वतःकडे ओढतो आणि पीक पिवळं पडतं. शेणस्लरीत किंवा कंपोस्टच्या ढिगात काही आठवडे मुरवून मग द्यावा. धूर सोडत उघड्यावर जाळलेली पऱ्हाटी म्हणजे बायोचार नव्हे, हेही सांगते. हवा कोंडून भाजावं लागतं. पऱ्हाटीसाठी हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने, क्रीडाने, साधी पिंपासारखी भट्टी बनवली आहे.

तुमच्या रानात पऱ्हाटीचे तुकडे करून कंपोस्ट करा, आणि हिरवळीचं खत घ्या. धैंचा पाणी साचणं आणि चोपणपणा तागापेक्षा जास्त सोसतो. फुलोऱ्यावर यायच्या सुमारास, ४५-५० दिवसांनी, गाडा. कुजताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो पाण्यात मिसळून चुनखडी विरघळवतो, म्हणजे तुमच्या मातीतलाच कॅल्शियम मोकळा होतो. फुकटातलं जिप्सम म्हणा.

हिरवी_वाट

हे माहीत नव्हतं. "कुठल्याही मातीला" हे शब्द मागे घेतो. माझं रान मुरमाड आहे, तिथे फायदा दिसला म्हणून लिहिलं होतं. आमच्याकडे "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार"मधला गाळही टाकलाय, २०१७ ला योजना आली तेव्हापासून लोक नेतात. गाळाचं मत काय?

कृष्णाकाठ

मुरमाड रानाला गाळासारखं दुसरं काही नाही. चिकणमाती आली की ओल टिकते, आणि एकदा टाकला की पुढची कित्येक वर्षं काम देतो. पण लोक भारी काळ्या रानातही फुकट मिळतोय म्हणून गाळ ओततात. तिथे आधीच निचरा नाही, त्यात आणखी चिकणमाती! शिवाय गाळ ज्या ओढ्यातून आला त्या रानातले क्षार आणि चुनखडी त्याच्याबरोबर येतात. पहिल्या ट्रॅक्टरआधी गाळाचाही नमुना तपासा.

साखर कारखान्याच्या प्रेसमडचंही, म्हणजे रस गाळून उरलेल्या मळीचंही, असंच. आपल्याकडचे बहुतेक कारखाने सल्फिटेशन (गंधकाच्या वायूने रस साफ करायच्या) पद्धतीचे, त्यांचा प्रेसमड चोपण रानाला चांगला. कार्बोनेशन पद्धतीच्या कारखान्याच्या प्रेसमडमध्ये चुना असतो, तो आम्ल मातीला द्यावा. आणि ताजा, गरम प्रेसमड थेट उसाच्या सरीत ओतू नये, कुजवून घ्यावा.

ऐनाची_सावली काका, तुम्हाला एक विचारायचं आहे. आमच्या गावात नदीकाठचं चोपण पडीक आहे, ग्रामपंचायत झाडं लावायचं म्हणते. दोन बाय दोनचे खड्डे खणून लाल माती भरू म्हणतात. चालेल?

ऐनाची_सावली

तसं करू नका. चोपण जमिनीत मोठा उथळ खड्डा खणून बाहेरची माती भरली की खड्ड्याचा हौद होतो. पावसात पाणी साचतं, मूळ कुजतं. तगलं तरी मूळ भरलेल्या मातीतच गोल फिरतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात झाड बसतं. वृक्षारोपणाच्या फोटोनंतर रोपं दिसत नाहीत त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हेच कारण असतं.

कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने, जी १९६९ पासून या कामात आहे, ऑगरने खोल भोक पाडायची पद्धत दिली. व्यास १५-२० सेंटिमीटर, खोली १२०-१४० सेंटिमीटर. निघालेल्या त्याच मातीत सुमारे ३ किलो जिप्सम आणि ८ किलो शेणखत मिसळून भोक परत भरायचं आणि त्यावर रोप लावायचं. माती जागचीच वापरायची, बाहेरून आणायची नाही. मूळ सरळ खाली उतरतं आणि खालच्या ओलीपर्यंत पोचतं. उत्तरेत कंकराचा (चुनखडीच्या खड्यांचा) कडक थर फोडण्यासाठी ही युक्ती निघाली. तुमच्या खोल काळ्या मातीत तसा थर असेलच असं नाही, पण दाट चोपण थर भेदून मूळ खाली उतरवायचा मुद्दा तोच आहे. जमल्यास रोपं वरंब्यावर लावा, म्हणजे बुंध्याशी पाणी राहणार नाही.

झाडं देशी बाभूळ, करंज अशी निवडा. विलायती बाभूळ अशा जमिनीत सगळ्यात चांगली वाढते हे खरं आहे, तरी मी ती सुचवणार नाही. एकदा पसरली की शेजारची गायरानं गिळते. सागाचा आग्रह कुणी धरला तर त्याला सांगा, सागाला कॅल्शियमवाली पण उत्तम निचऱ्याची जमीन हवी. चोपणात तो येणार नाही आणि कोकणच्या उघड्या कातळावरही खुरटतो.

आणि पहिली काही वर्षं झाडांखालचा पाला कुणाला झाडून नेऊ देऊ नका, पेटवूही देऊ नका. जिप्सम झाडाला उभं राहण्यापुरतं, पुढची माती पाला बनवतो.

ऊसकरी

नमुना कसा घ्यायचा तेही कुणी लिहा. आमच्याकडे मृद आरोग्य पत्रिकेसाठी आलेला माणूस बांधावरूनच मूठभर माती घेऊन गेला.

मातीपरीक्षा

बांध, झाडाखालची जागा, खताचा ढीग, पाण्याचा पाट हे टाळा. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, व्ही आकाराचे खड्डे घ्या. प्रत्येकाच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी जाडीची माती खरवडा, सगळी एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहा. सावलीत वाळवा. खताची रिकामी पिशवी वापरू नका.

पण चोपणाचा संशय असेल तर वरच्या वीतभर मातीवर भागत नाही. ०-३०, ३०-६०, ६०-९० सेंटिमीटर असे तीन वेगळे नमुने द्या आणि विनिमयक्षम सोडियम व जिप्समची गरज मुद्दाम मागून घ्या. पत्रिकेत सामू, वाहकता, अन्नद्रव्यं असे १२ घटक येतात, त्यात हे दोन्ही नसतात. सांगलीकडच्यांसाठी कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र याच विषयावर काम करतं. वऱ्हाडात अकोल्याचं कृषी विद्यापीठ.

वऱ्हाडी_पऱ्हाटी

मग आता असं ठरवलं. विहिरीचं पाणी आणि तीन थरांची माती या आठवड्यात अकोल्याला नेतो. उताराच्या बाजूला चर काढायचाय, शेजारच्या काकांशी बोललो, ते नाल्यापर्यंत वाट द्यायला तयार आहेत, अर्धा खर्चही देतो म्हणाले, कारण त्यांच्याही रानात पाणी साचतं. पहिल्या पावसावर धैंचा. जिप्सम अहवाल आल्यावर. जिप्सम वरच्या थरातच मिसळायचं ना, खोल नांगरून नको?

कृष्णाकाठ

वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्येच, आणि सगळीकडे सारखं पसरून. खोल गाडलं तर वरचा थर चोपणच राहील आणि पाणी मुरणार नाही. जिप्सम फार सावकाश विरघळतं, लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम, म्हणून पावसाच्या तोंडावर टाका, आणि बारीक दळलेलं घ्या. चराची वाट मिळाली हे सगळ्यात उत्तम झालं. अहवाल आला की आकडे इथेच टाका, ताई आणि मी मिळून मात्रा काढून देतो.